भातखाचराच्या चिकणमातीवर डांबर टिकत नाही: वरून थर मारू की खणून काढू?

खाडीकाठ_गुहागर

मंडळी, नमस्कार.

गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीजवळ घर आणि चार खोल्यांचं होमस्टे आहे. रस्त्यापासून घरापर्यंत २४ मीटर लांब, ३ मीटर रुंद गाडीरस्ता आणि त्याच्या टोकाला १५ × १० मीटरचं पार्किंग. वरचे १० मीटर तांबड्या मातीवर आहेत, हातभर खाली कातळ लागतो. पुढचे १४ मीटर आणि सगळं पार्किंग जुन्या भातखाचरावर. तिथली माती करडी, चिकट. पावसात पाय रुततो, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

दोन वर्षांपूर्वी ९ इंच सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), वर मुरूम आणि २० मिमी कार्पेट (पातळ डांबरी थर) असं काम झालं. आजची अवस्था अशी: वरच्या १० मीटरला काहीही झालेलं नाही. खाली चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या कातडीसारख्या भेगा आहेत, गाडी गेली की त्यातून करडं पाणी वर येतं. कडेपासून दीड-दोन फुटांवर लांबच लांब सरळ भेग. पार्किंगच्या तोंडाशी तीन खड्डे, प्रत्येकी साधारण ६० × ५० सेंमी, १० सेंमी खोल. एका बाजूला आगर (नारळी-पोफळीची बाग) आहे, तिथे उन्हाळ्यात रोज शिंपणं चालतं. दुसऱ्या बाजूला गडगा (दगडी कुंपण), त्याला लागून पाणी साचतं.

प्रश्न:
१) यावर दीड-दोन इंच डांबराचा नवा थर मारला तर चालेल का? ठेकेदार तेच म्हणतोय.
२) गणपतीला चाकरमानी गाड्या घेऊन येणार. त्याआधी खड्ड्यांचं काय करू?
३) घाटावरचे एक इंजिनीअर म्हणतात, मीटरभर माती काढून मुरूम भरा. एवढं लागतं का?

गाड्या मुख्यतः कार, शनिवार-रविवारी एखादा टेम्पो ट्रॅव्हलर.

---

मेटल_मुरूम

खाडीकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: "भेगेतून करडं पाणी वर येतं." ते पाणी म्हणजे खालची चिकणमाती आहे. सोलिंगच्या दगडांमधल्या फटीत ओली माती वर चढते, चाक आलं की दाबली जाते आणि भेगेतून पिचकारीसारखी सुटते. प्रत्येक गाडीमागे थोडी माती बाहेर, दगड तेवढा खाली. असल्या बुडावर दोन इंच नाही, चार इंच डांबर घातलं तरी त्याच जागी, त्याच नक्षीने फुटणार. मगरभेगा जिथे आहेत तिथे वरून थर मारायचा नाही, सीलंटही ओतायचं नाही. तेवढा भाग बुडापर्यंत काढायचा.

वरचे १० मीटर शाबूत आहेत कारण खाली कातळ आहे आणि पाण्याला उतार आहे. तिथे खणू नका.

मीटरभर माती काढण्याचा सल्ला घाटावरच्या काळ्या मातीसाठी दिला जातो. ती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. जांभ्यापासून बनलेली आपल्याकडची तांबडी चिकणमाती बहुतांशी केओलिनाइट या खनिजाची असते, ती फार फुगत नाही. ओली झाली की ताकद मात्र सोडते. खाचराची करडी माती या दोघींच्या मध्ये कुठेतरी असते, आणि खाडीचा गाळ असेल तर प्रकरण अजून वेगळं. म्हणून आधी खड्डा खणून बघा.

एक चांगल्या जागी, एक खराब जागी, असे ६० × ६० सेंमीचे दोन खड्डे, ७५ सेंमी खोल. थर टेपने मोजून लिहा: डांबर किती, मुरूम किती, दगड किती, दगडांत माती किती वर चढलीय. खड्डा ताडपत्रीने झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी आत पाणी कुठवर आलंय ते बघा. तळाच्या मातीत अंगठा सहज रुतला तर माती मऊ, नुसतं नख उमटलं तर कडक.

मग गोणभर माती जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये द्या. दोनच चाचण्या मागा. एक, चार दिवस भिजवून काढलेला सीबीआर (माती किती भार पेलते त्याचा आकडा). दोन, फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते): १० ग्रॅम माती पाण्यात, १० ग्रॅम रॉकेलमध्ये, १०० मिलीच्या नळीत २४ तास. पाण्यातलं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त भरलं ते बघायचं. ५० च्या वर गेलं तर घाटावरच्या इंजिनीअरचं ऐकायला हवं. सीबीआरला माती जास्त लागते, म्हणून गोणभर.

---

हॉटमिक्स_चिपळूण

गणपतीपुरतं सांगतो.

पावसाळ्यात हॉटमिक्स प्लांट बंद असतात आणि सुरू असते तरी ओल्या खड्ड्यात गरम माल टाकून उपयोग नाही. तळाशी वाफ होते, माल चिकटतच नाही. त्यामुळे पिशवीतलं तयार कोल्ड मिक्स (गरम न करता भरायचा डांबर-खडीचा माल) आणा. बहुतेक २५ किलोच्या पिशव्या येतात.

खड्ड्याची कड छिन्नीने चौकोनी आणि उभी कापा, सगळ्या बाजूंनी ७–८ सेंमी धड डांबरात जाईपर्यंत. वाटीसारखी उतरती कड ठेवली तर माल कडेला पातळ होतो आणि तिथूनच उडायला लागतो. पाणी उपसा, चिखल खरवडून कडक थर लागेपर्यंत जा. फडक्याने टिपून घ्या; थोडी ओल चालते, साचलेलं पाणी नाही.

तुमचे खड्डे १० सेंमी खोल आहेत. सगळं कोल्ड मिक्सने भरायची गरज नाही. खालचे ४ सेंमी २० मिमी खडी आणि कच मिसळून धुमसाने ठोकून भरा. वर उरले ६ सेंमी. एका खड्ड्याला ०.६ × ०.५ × ०.०६ म्हणजे ०.०१८ घनमीटर, तिन्ही मिळून ०.०५४. घट्ट बसलेलं कोल्ड मिक्स घनमीटरला २.१ टन धरलं तर ११३ किलो. कड कापल्यावर खड्डा मोठा होतो, म्हणून आठ-नऊ पिशव्या आणा. कडांना आरएस-१ इमल्शन (लवकर आटणारं, पाण्यात कालवलेलं डांबर) ब्रशने लावा, तपकिरीचं काळं झालं की माल भरायचा. काही तयार मालाला टॅक, म्हणजे हा चिकटवायचा लेप, लागत नाही. पिशवीवर तसं लिहिलेलं असतं.

६ सेंमी दोन थरांत भरा. प्रत्येक थर कडेकडून मध्याकडे ठोका. शेवटी रस्त्यापेक्षा १ सेंमी उंच राहू द्या, गाड्या दाबून बसवतील. वर मूठभर दगडाची भुकटी भुरभुरवा, नाहीतर पहिल्या दिवशी टायरला चिकटून माल निघून येतो.

मगरभेगांच्या पट्ट्यात कोल्ड मिक्स घालून पैसे वाया घालवू नका. सुटलेले तुकडे काढा, चिखल खरवडा, ४० मिमी खडी टाकून वर कच पसरा, दाबा. दिसायला वाईट, पण गणपती पार पडतील. आणि टेम्पो ट्रॅव्हलर तेवढे दिवस वर रस्त्यालाच उभा करायला सांगा.

---

चिरेबंदी

पाण्याबद्दल अजून कोणी पुरेसं बोललं नाही.

गडग्याला लागून साचतं ते पाणी आडवं आत शिरतं आणि सोलिंगमध्ये जाऊन बसतं. खाली चिकणमाती, ती पाणी खाली सोडत नाही; वर डांबर, ते वर सोडत नाही. म्हणजे तुम्ही पार्किंगखाली दगड भरलेला हौद बांधलाय. आगराच्या बाजूला उलट प्रकार: शिंपण्यामुळे ती कड बारमाही ओली, आणि मधली माती उन्हाळ्यात सुकते. ओल्या-सुक्या मातीच्या सीमेवर ती लांब सरळ भेग येते. कड उघडी असल्यामुळे चाक कडेला गेलं की ती उघडते.

हे काम पावसातच सुरू करा, कारण पाणी कुठून येतं ते आत्ताच दिसतंय. गडग्याच्या बाजूला डांबराच्या कडेपासून दोन फूट सोडून ३० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल चर मारा. उतार मीटरला १ सेंमी. चर मारल्यावर दोन-तीन दिवस बघा, सोलिंगच्या पातळीतून चरात पाणी पाझरायला लागेल. जिथून जास्त येतंय तिथे खुंटी मारून ठेवा. पक्कं काम करताना आडवा नळ तिथेच काढायचा.

पक्क्या गटारात ४ इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या अंगाला, सभोवती २० मिमी धुतलेली खडी, आणि हे सगळं नॉन-वोव्हन जिओ टेक्स्टाइलमध्ये गुंडाळलेलं. कापड न घालता नुसती खडी भरली तर चिकणमातीने दोन पावसांत चर बुजतो. पाइपचा उतार २०० ला १ पेक्षा कमी नको. चराचा तळ रस्त्याच्या सगळ्यात खालच्या थराच्याही खाली हवा, नाहीतर पाणी चढणार कसं?

तोंड कुठे सोडणार ते आधी ठरवा. वहाळात सोडत असाल तर ठीक. खाडीच्या बाजूला सोडत असाल तर उधाणाच्या भरतीला पाणी कुठवर चढतं ती खूण बघा आणि तोंड तिच्या वर ठेवा. अमावस्या-पौर्णिमेला, त्यात जोरदार पाऊस, तेव्हा पाणी पाइपातून उलटं आत येतं. नुसती झडप बसवून भागत नाही, तिच्यात काटक्या अडकतात.

आणखी एक. कडेला चिरे लावले की काम शोभतं, पण चिरे सलग सिमेंटमध्ये बसवले तर हौदाला भिंत झाली. चिऱ्याच्या खालून खडीचा थर थेट गटारापर्यंत न्या, किंवा दर मीटरला दोन बोटं फट सोडा.

---

खाडीकाठ_गुहागर

सगळ्यांचे आभार. खड्डे खणले, लॅबचं पत्रकही आलं.

खराब जागी: डांबर १५ मिमीच भरलं (२० सांगितलं होतं), मुरूम ६ सेंमी, सोलिंग २० सेंमी. दगडांच्या खालच्या अर्ध्या भागात माती गच्च चढलीय. सकाळी खड्ड्यात पाणी सोलिंगच्या मध्यापर्यंत. अंगठा रुततो. भिजवलेला सीबीआर २.६, फ्री स्वेल ३० टक्के. घराच्या बाजूची जमीन खाजण (भरतीचं खारं पाणी शिरणारी) नाही. खाडी शंभर-सव्वाशे मीटर लांब आहे, मध्ये आणखी दोन खाचरं.

चर मारला, चिरेबंदी म्हणाले तसं गडग्याकडून पाणी येतंय, एका जागी तर धारच.

आता पक्कं काम काय करू? ठेकेदाराचा नवा प्रस्ताव: जुनं काढून परत १० इंच सोलिंग, वर दोन थर कार्पेट. चुना मिसळून माती सुधारता येते असंही वाचलं.

---

मेटल_मुरूम

सीबीआर २.६ म्हणजे माती कमकुवत, ३० टक्के फुगवण म्हणजे फार त्रासदायक नाही. मीटरभर खोदायची गरज नाही. साधारण ४० सेंमीचं बूड पुरतं, पण ते सोलिंगचं नको. सोलिंगचे दगड मोठे, मधल्या फटी मोठ्या, आणि चिकणमातीला वर चढायला तेवढीच जागा हवी असते. पुन्हा १० इंच सोलिंग केलंत तर आत्ताच्यापेक्षा दोन इंच जास्त दगड बुडेल एवढंच.

चिकणमातीच्या १९२ चौरस मीटरसाठी (१४ मीटर रस्ता आणि पार्किंग) खालून वर असं करा.

जुनं सगळं काढल्यावर तळाला गटाराच्या दिशेने ३ टक्के उतार द्या. मातीत खळगे राहिले तर तिथे पाणी साठतं, वर कितीही चांगलं काम करा. तळ हाताने चाचपून बघा: माती मुठीत आवळली की गोळा व्हावा आणि वळून ३ मिमीची वळकटी केली की तुटायला लागावी, तेव्हा ती दाबायला योग्य. वळकटी त्याहून बारीक, न तुटता होत असेल तर अजून ओली आहे. ओल्या मातीवर व्हायब्रेटर चालवला तर ती डुलायला लागते, पाणी वर येतं आणि होती ती ताकदही जाते. नांगरून उन्हात सुकवा. भातखाचर दसऱ्याला सुकत नाही. जानेवारीच्या आधी तळ उघडू नका.

मग २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) नॉन-वोव्हन जिओ टेक्स्टाइल. जोडावर अर्धा मीटर एकावर एक. कडांना वर वळवायचं धरून २४० चौरस मीटर मागवा. माती वर चढणं ह्या कापडाने थांबतं, अख्ख्या कामात पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा देणारी वस्तू हीच. कापडावर डंपर चढवायचा नाही. डंपर मागे घेत माल टाकायचा, जेसीबीने पुढे ढकलायचा.

त्यावर जीएसबी (ग्रॅन्युलर सब-बेस, खडी-कचाचा खालचा थर) २२५ मिमी: पहिला थर १२५, फक्त वजनाने दाबलेला, कंप न देता, दुसरा १००, त्याला कंप चालेल. १९२ × ०.२२५ म्हणजे ४३ घनमीटर दाबलेला माल, सुटा सव्वापट-दीडपटीच्या मध्ये, म्हणजे ५५ घनमीटर. ब्रासमध्ये (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास) साडेएकोणीस. गटारापर्यंत वाढवायचा माल धरून २१ ब्रास.

इथे एक गोष्ट पक्की धरा. आपल्याकडे जीएसबी म्हणून जांभ्याचा मुरूम टाकतात. नियमाप्रमाणे बारीक मालाचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकटपणाचा आकडा) ६ च्या आत हवा, तांबड्या मुरमाचा बऱ्याचदा त्याच्या वर जातो. शिवाय रोलरखाली जांभ्याचे तुकडे चुरतात आणि थर पाणी अडवायला लागतो. भरावाला जांभा चालेल, ह्या थराला काळ्या दगडाचाच माल घ्या. घरची परीक्षा: सुकलेला एक किलो माल बादलीत चोळून धुवा, गढूळ पाणी ओतत राहा, पाणी स्वच्छ झालं की उरलेला सुकवून तोला. ५० ग्रॅमपेक्षा बरंच जास्त कमी भरलं तर माल परत पाठवा.

वर डब्ल्यूएमएम (वेट मिक्स मॅकॅडम, प्लांटमध्ये पाणी घालून मिसळलेली खडी) १५० मिमी, ७५ चे दोन थर. हा थर वरच्या कातळाच्या १० मीटरलाही घ्यायचा असेल तर २२२ चौरस मीटरचे ३३ घनमीटर, वजनात ७५ टनांच्या आसपास. मी म्हणेन तिथे घेऊ नका, जुना थर धड आहे. फक्त नवीन डांबर चढवा आणि दोन पातळ्या जुळवायला मीटरभराचा उतार द्या. प्लांट लांब असेल तर डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम, जागेवरच खडी पसरून पाण्याने दाबलेला थर) करा, पण बाइंडिंगचा मुरूम कमी. पाणी मारून, ब्रश फिरवून झाल्यावर खडीचे डोळे दिसले पाहिजेत. नुसती तांबडी चादर दिसत असेल तर प्राइम कोट (खडीत मुरायचा डांबराचा पहिला लेप) त्या मातीतच अडकतो आणि पहिल्या पावसात डांबर पापुद्र्यासारखं सुटतं.

चुन्याबद्दल: चालतो. १५० मिमी जाडीला, घनमीटरला १.६ टन कोरडी माती धरून, ४ टक्क्यांनी चौरस मीटरला साधारण १० किलो चुना लागतो, तुम्हाला १.९ टन. मातीत नीट कालवून एक दिवस मुरू द्यायचा, मग दाबायचं, आठवडाभर ओल ठेवायची. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून होतं. पण खाडीजवळच्या मातीत सल्फेट असेल तर चुन्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन माती उलट फुगते. सल्फेटची चाचणी केल्याशिवाय चुना टाकू नका. तुमच्याकडे कापड आणि जीएसबीने भागतंय, मी चुना मागे ठेवला असता.

---

पेव्हरच_बरे

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पार्किंगला ८० मिमीचे पेव्हर ब्लॉक लावा ना. बसले तर उचलून परत लावता येतात. डांबराचं तसं नाही. आणि पावसाळ्यातही दुरुस्ती होते.

---

चिरेबंदी

दादा, ब्लॉकच्या फटीतून पाणी डांबरापेक्षा जास्त आत जातं, म्हणून खालचं गटार, कापड, जीएसबी सगळं तेवढंच लागतं. वाचतो तो फक्त वरचा डांबराचा थर. कोकणातल्या पावसात उतार जास्त असला तर फटीतली वाळू धुपून जाते, कडेचे ब्लॉक सुटतात.

पण खाजणावर भराव घालून पार्किंग करायचं असेल तर मी तुमच्याच बाजूचा. खाडीचा गाळ भरावाच्या वजनाने वर्षानुवर्षं बसत राहतो. एक मीटर मातीचा भराव म्हणजे चौरस मीटरला पावणेदोन-दोन टन बोजा. तिथे वरचा सुकून कडक झालेला पापुद्रा अजिबात खरवडायचा नाही, तोच काय तो आधार. त्यावर कापड, भराव, एखादा पावसाळा जाऊ द्यायचा, मग ब्लॉक. डांबर घालायचं ते जमीन बसायची थांबल्यावरच. शिवाय खारफुटी असेल तर आधी तहसील कचेरीत चौकशी. हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) येतो, तिथे भराव घालायला गेलात तर डांबराचा प्रश्नच उरणार नाही.

खाडीकाठ, तुमची जमीन खाजण नाही म्हणताय, तेव्हा डांबर चालेल.

---

हॉटमिक्स_चिपळूण

आता वरचा थर. दोन थर कार्पेट घेऊ नका. कार्पेटचा माल उघडा असतो, म्हणजे खडीत बारीक माल नाही, आणि सील कोट (वरची छिद्रं बुजवणारा लेप) नसेल तर चाळणीच. त्यात जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं की पार्किंगमध्ये खडी सुटते. कोणाला कार्पेटच करायचं असेल तर हिशेब माहीत असू द्या: २० मिमीला १० चौरस मीटरमागे ०.२७ घनमीटर खडी आणि १४.६ किलो डांबर, वर बी प्रकारचा सील कोट ६.८ किलो. तुमच्या २२२ चौरस मीटरला दोन्ही मिळून ४७५ किलो, म्हणजे दीडशे किलोची तीन पिंपं पुरी लागून चौथं फुटतं. जागेवर दोनच पिंपं उतरली तर बाकी काय झालं ते विचारायचं.

तुम्ही ४० मिमी बीसी (बिट्युमिनस काँक्रीट, बारीक माल असलेला घट्ट डांबरी थर), दुसऱ्या ग्रेडिंगची (खडीच्या आकारांची वर्गवारी) घ्या. डांबर व्हीजी-३० प्रतीचं, प्रमाण निदान ५.४ टक्के. २२२ × ०.०४ × २.३५ म्हणजे २१ टन, कातळाकडच्या जुन्या थराचे खळगे भरायला टनभर जास्त. दोन डंपर.

आधी डब्ल्यूएमएमवर प्राइम कोट: एसएस-१ (सावकाश आटणारं) इमल्शन, चौरस मीटरला ०.८ किलो, एक २०० किलोचं पिंप पुरतं. एक दिवस मुरू द्या. डबकं राहिलं तर बारीक कच टाकून झाडून घ्या. माल येण्याच्या थोडं आधी टॅक: आरएस-१, चौरस मीटरला पाव किलो, एकूण ५५–६० किलो. टॅक जास्त मारला की वरचा थर घसरतो, कमी मारून काही बिघडतं त्यापेक्षा जास्त बिघडतं.

मालाचं तापमान स्वतः बघा. सुईचा थर्मामीटर स्वस्त मिळतो. पसरताना १४० अंशांच्या वर हवा आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. प्लांट तास-दीड तासावर असेल तर डंपरवर ताडपत्री घट्ट बांधलेली हवी. निळसर धूर येत असेल तर माल जळालाय. खडी तपकिरी, निस्तेज दिसत असेल तर डांबर कमी किंवा खडी ओली. दोन्ही परत. भिडेखातर उतरवून घेऊ नका, उतरवला की तो तुमचा.

सुटा ४८–५० मिमी पसरा, दाबून ४० होतो. रोलर खालच्या कडेकडून वरच्या बाजूला. ड्रमला पाणी मारतात. डिझेल मारू देऊ नका, ते डांबर विरघळवतं. गडग्यालगत रोलर पोचत नाही तिथे प्लेट कॉम्पॅक्टर. दुसरा डंपर उशिरा आला आणि जोड थंड झाला तर कड उभी कापून, टॅक लावून पुढे जायचं.

पृष्ठभागाचा उतार अडीच टक्के. ३ मीटर रुंदीला एका बाजूला ७५ मिमी. पार्किंगला १० मीटरच्या बाजूने २५ सेंमी पडतील, दाराकडून गडग्याच्या गटाराकडे. झाल्यावर ३ मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ८ मिमीपेक्षा जास्त फट दिसते का बघा, आणि पैसे देण्याआधी टँकरभर पाणी सोडा.

---

खाडीकाठ_गुहागर

फार उपयोग झाला. दोनच शंका. दुचाकी उभ्या करायची जागा वेगळी ठेवू का? आणि मेमध्ये काम केलं तर चालेल? एप्रिलअखेरपर्यंत खोल्या बुक आहेत.

---

हॉटमिक्स_चिपळूण

दुचाकीला वेगळीच ठेवा. मेच्या उन्हात साइड स्टँड नव्या डांबरात बोटभर रुतून बसतो आणि तेवढ्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत. ५ × २ मीटर पट्टा काँक्रीटचा करा, १०० मिमी जाडी, मध्ये दोन जोड. गाड्या धुण्याची, ऑइल गळणारी जागाही त्यातच घ्या.

मे चालेल, पण २० तारखेनंतर नको. वळवाची एक सर उघड्या तळावर पडली की चिकणमाती परत चिखल. तळ उघडणं आणि जीएसबी हे फेब्रुवारीतच करून घ्या. पाहुणे जीएसबीवर गाड्या लावतील, काही बिघडत नाही, उलट मऊ जागा असेल तर दिसून येईल. डब्ल्यूएमएम आणि डांबर मेच्या पहिल्या आठवड्यात.

---

मेटल_मुरूम

ह्यात एक भर: डब्ल्यूएमएम टाकण्याआधी भरलेला डंपर चालण्याच्या गतीने जीएसबीवरून फिरवा आणि मागून चालत चाकाखाली बघा. कुठे थर दबून परत वर उचलतोय असं दिसलं तर तेवढाच चौकोन खणून, ओली माती काढून, कापड आणि ४० मिमी खडीने भरा. चराच्या खुंट्या लावलेल्या जागेजवळ आधी बघा.